गुरुत्वीय टक्करींची गणिते: कोणता अक्षय्यता नियम कुठे लावायचा

दोन वस्तू केवळ परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने जवळ येतात आणि आदळतात. आदळताना वेग किती? आदळल्यावर त्या एकत्र राहतील की सुटून जातील? जेईई किंवा ऑलिम्पियाडच्या तयारीत हा प्रश्न हमखास भेटतो आणि लघुग्रहांचा अभ्यास करणाऱ्यांना तर तो रोजचाच. बल अंतराप्रमाणे क्षणाक्षणाला बदलत असल्यामुळे स्थिर त्वरणाची समीकरणे इथे चालत नाहीत. अक्षय्यता नियम, म्हणजे एखादी राशी एकूण तेवढीच टिकते असे सांगणारे नियम, चालतात, पण सगळे नियम सगळीकडे चालत नाहीत. सूत्रे पाठ असूनही उत्तर चुकते ते याच कारणाने: नियम बरोबर असतो, टप्पा चुकलेला असतो.

म्हणून कागदावर सर्वांत आधी घटनेचे तीन तुकडे करावेत: जवळ येणे, स्पर्श, आणि स्पर्शानंतरचा प्रवास. पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्यात यांत्रिक ऊर्जा टिकते. मधल्या तुकड्यात ती टिकेलच असे नाही. तिचा काही भाग उष्णता, भेगा आणि चुऱ्यात जातो. संवेग (वस्तुमान × वेग) मात्र तिन्ही तुकड्यांत टिकतो, कारण ओढणारे बल आणि आदळण्याचे बल ही दोन्ही जोडीच्या आतलीच बले आहेत. कोनीय संवेगही, म्हणजे फिरण्याशी निगडित संवेगही, तिन्हींत टिकतो. फक्त स्पर्शानंतर त्यातला काही वाटा वस्तूंच्या स्वतःभोवतीच्या फिरकीत जाऊ शकतो.

गणिताची मांडणी

सूत्रांत घात दाखवायला ^ हे चिन्ह वापरले आहे. वैश्विक गुरुत्व स्थिरांक जी = ६.६७४ × १०^−११ (एसआय एककांत). वस्तुमाने एम१ आणि एम२, त्यांची बेरीज एम. सुरुवातीचे अंतर डी, स्पर्शाच्या क्षणीचे अंतर आर. ही दोन्ही अंतरे केंद्रापासून केंद्रापर्यंतची आहेत. प्रश्नात ‘पृष्ठभागांतील अंतर’ दिलेले असेल तर दोन्ही त्रिज्या मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. एरवी नीट वाचलेल्या गणितातही इथेच चूक होते.

गोलाकार वस्तूचे सगळे वस्तुमान केंद्रात एकवटले आहे असे धरता येते. हे न्यूटनने सिद्ध केले आहे. बटाट्यासारख्या वेड्यावाकड्या लघुग्रहाला हे दूरवर चालते, अगदी जवळ आल्यावर थोडी चूक येते.

आता सगळ्यात उपयोगी युक्ती. दोन वस्तूंचे वेगवेगळे वेग शोधत बसण्याऐवजी सापेक्ष वेग व्ही शोधावा, म्हणजे एकीवर उभे राहून दुसरी किती वेगाने येताना दिसेल तो वेग. वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत जोडीची एकूण गतिज ऊर्जा ½ × म्यू × व्ही^२ इतकी भरते. इथे म्यू म्हणजे लघुकृत वस्तुमान, एम१ × एम२ ÷ एम. स्थितिज ऊर्जा −जी × एम१ × एम२ ÷ अंतर. दोन्हींची बेरीज सुरुवातीला आणि स्पर्शाच्या क्षणी सारखी ठेवली की एम१ × एम२ दोन्हीकडून उडून जाते. वस्तू विरामातून निघाल्या असतील तर उरते:

व्ही^२ = २ × जी × एम × (१/आर − १/डी)

कंसाबाहेरचा एम हा बेरजेचा आहे, मोठ्या वस्तूचा एकटीचा नाही. हे नीट बघून ठेवावे.

जवळ येणे: एक पूर्ण गणित

दोन दगडी गोल घेऊ, दोन्हींची घनता २००० किलो प्रति घनमीटर. मोठ्याची त्रिज्या १००० मीटर, लहानाची ५०० मीटर. मोठ्याचे वस्तुमान ८.३७८ लाख कोटी किलो, लहानाचे त्याचा आठवा हिस्सा, म्हणजे १.०४७ लाख कोटी किलो. बेरीज ९.४२५ लाख कोटी, म्हणजेच ९.४२५ × १०^१२ किलो. केंद्रांतील अंतर ६००० मीटर असताना दोघे स्थिर आहेत आणि तिथून सुटतात. स्पर्शाचे अंतर १००० + ५०० = १५०० मीटर.

जी × एम हा गुणाकार आधीच काढून ठेवावा: ६२९.० घनमीटर प्रति सेकंद वर्ग. पुढे प्रत्येक पायरीला तोच लागतो, आणि मोठमोठे घात पुन्हा पुन्हा लिहिताना होणारी चूक टळते.

व्ही^२ = २ × ६२९.० × (१/१५०० − १/६०००) = १२५८ × ०.०००५ = ०.६२९०, म्हणून व्ही = ०.७९३ मीटर प्रति सेकंद. दोन किलोमीटर व्यासाचा डोंगर आणि एक किलोमीटर व्यासाची टेकडी माणसाच्या चालण्यापेक्षाही हळू आदळतात!

आता संवेग. सुरुवातीला एकूण संवेग शून्य होता, म्हणून स्पर्शाच्या क्षणीही शून्यच. सापेक्ष वेग वस्तुमानांच्या उलट प्रमाणात वाटला जातो: लहानाला ८/९ वाटा, म्हणजे ०.७०५ मीटर प्रति सेकंद, मोठ्याला १/९ वाटा, म्हणजे ०.०८८. पडताळा घ्यावा: ८.३७८ × ०.०८८१ आणि १.०४७ × ०.७०५० हे दोन्ही गुणाकार ०.७३८ येतात. जोडी मुळात एखाद्या दिशेने सरकत असेल तर वस्तुमानकेंद्राचा वेग शेवटी दोघांच्या वेगात सदिश रीतीने मिळवावा, मधल्या पायऱ्यांत आणू नये.

याच गणितात कुठल्या चुकीने काय उत्तर येते ते पाहण्यासारखे आहे, कारण चुकीचे उत्तर ओळखता आले की चूकही सापडते.

मोठा गोल खिळल्यासारखा स्थिर धरला तर बेरजेऐवजी फक्त एम१ वापरला जातो आणि ०.७४८ येते. हा सापेक्ष वेगही नाही आणि लहान गोलाचा खरा वेगही नाही. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लटकलेला आकडा आहे. पृथ्वी आणि दगड असे गणित असेल तर हे गृहीतक निर्धोक, पण वस्तुमाने एकमेकांच्या दहावीसपटीत असतील तर अजिबात नाही. स्थितिज ऊर्जा प्रत्येक वस्तूसाठी वेगळी मोजली की ती दुप्पट होते आणि वेग १.१२ येतो, बरोबर उत्तराच्या √२ पट. उत्तर १.४१ पटीने हुकले की चूक इथेच शोधावी. ही ऊर्जा जोडीची असते, एकदाच मोजायची असते.

तिसरी चूक स्थिर त्वरणाची. सुरुवातीचे सापेक्ष त्वरण ०.००००१७५ मीटर प्रति सेकंद वर्ग, स्पर्शाच्या क्षणीचे ०.०००२८०, म्हणजे सोळापट. पहिले वापरले तर ४५०० मीटर अंतरासाठी वेग ०.४० येतो, दुसरे वापरले तर १.५९. खरे उत्तर या दोन चुकीच्या उत्तरांचा भूमितीय मध्य (गुणाकाराचे वर्गमूळ) आहे, आणि हा योगायोग नाही. (१/आर − १/डी) म्हणजे (डी − आर) ÷ (डी × आर), त्यामुळे दोन टोकांच्या त्वरणांचा भूमितीय मध्य घेऊन स्थिर त्वरणाचे समीकरण वापरले तर विरामातून सरळ रेषेत पडणाऱ्या वस्तूसाठी उत्तर तंतोतंत येते. परीक्षेत उत्तर पडताळायला यापेक्षा झटपट साधन नाही.

स्पर्श: इथे ऊर्जेचे समीकरण बंद

स्पर्शाच्या क्षणी संवेगाचे समीकरण पुढे न्यावे, ऊर्जेचे समीकरण इथेच थांबवावे. त्याच्या जागी टक्कर किती उसळती आहे याची माहिती लागते. ती उसळीच्या गुणांकाने दिली जाते: दूर जाण्याचा सापेक्ष वेग ÷ जवळ येण्याचा सापेक्ष वेग. पूर्ण चिकटल्या तर ०, ऊर्जा अजिबात न गमावता उसळल्या तर १. गणितात हा गुणांक किंवा ‘चिकटतात’ असा शब्द दिलेला नसेल तर उत्तर एकच निघणार नाही. प्रश्न पुन्हा वाचावा. बहुधा त्यात फक्त आदळतानाचा वेग विचारलेला असतो.

आपल्या गोलांसाठी गुणांक ०.५ धरू. म्यू = (८/९) × १.०४७ = ०.९३१ लाख कोटी किलो. स्पर्शाआधीची गतिज ऊर्जा ½ × ०.९३१ × १०^१२ × ०.६२९ = २.९३ × १०^११ ज्यूल. टकरीनंतर सापेक्ष वेग निम्मा, ०.३९७, म्हणून ऊर्जा पाव: ०.७३ × १०^११ ज्यूल. बाकीची तीन चतुर्थांश खडकांत जिरली.

स्पर्श चालू असताना गुरुत्वाकर्षण थांबत नाही, मग ते सोडून का देतो? स्पर्श १० सेकंद टिकला तर गुरुत्वामुळे सापेक्ष वेगात ०.०००२८ × १०, म्हणजे ०.००२८ मीटर प्रति सेकंद इतका फरक पडतो. टकरीमुळे पडणारा फरक १.१९ मीटर प्रति सेकंद आहे. एक टक्क्याच्या आतली ही गोष्ट बिनदिक्कत सोडावी. पण सैल दगडगोट्यांच्या ढिगाऱ्यांसारखे लघुग्रह एकमेकांत रुतत १००० सेकंद दबत राहिले तर हाच फरक ०.२८ होतो आणि मग ‘क्षणिक टक्कर’ हे गृहीतकच कोसळते.

स्पर्शानंतर

ऊर्जेचे समीकरण पुन्हा सुरू करायचे, पण नव्या वेगापासून. गोल किती दूर जातील? सर्वांत दूरच्या जागी सापेक्ष वेग शून्य. सुरुवातीच्याच सूत्राला उसळीच्या गुणांकाचा वर्ग, म्हणजे ०.२५, लावला की झाले:

१/नवे अंतर = १/१५०० − ०.२५ × (१/१५०० − १/६०००)

उत्तर १८४६ मीटर. पृष्ठभागांमधली फट जेमतेम ३४६ मीटर. पुन्हा पडतील, पुन्हा उसळतील. दुसऱ्या उसळीनंतरचे अंतर १५७४ मीटर, फट ७४ मीटर. तिसऱ्या-चौथ्या खेपेला गोल एकमेकांना टेकून बसलेले असतील.

कायमचे सुटायचे असेल तर टकरीनंतरचा सापेक्ष वेग √(२ × जी × एम ÷ आर) = ०.९१६ मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त हवा. हा जोडीचा परस्पर मुक्तिवेग. विरामातून निघालेल्या जोडीचा आदळण्याचा वेगच त्याहून कमी असतो, म्हणून ती उसळून कधीच सुटू शकत नाही. १ जानेवारी २०१९ रोजी नासाचे न्यू होरायझन्स यान ज्याच्या जवळून गेले तो नेपच्यूनपलीकडचा छोटा खगोल अॅरोकॉथ असाच दोन गोळे चिकटून बनलेला दिसतो. दोन्ही गोळे फारसे चेपलेले नाहीत, त्यामुळे ते अतिशय मंद वेगाने एकत्र आले असावेत असे शास्त्रज्ञ मानतात.

किती वेळ लागेल

अक्षय्यता नियम वेळ थेट देत नाहीत. ऊर्जेच्या समीकरणातून प्रत्येक अंतरावरचा वेग मिळतो, त्यावरून संकलन (इंटिग्रेशन) केले की वेळ निघतो. विरामातून सरळ पडण्यासाठी त्या संकलनाचे उत्तर असे आहे. एक्स = आर ÷ डी घ्यावा:

वेळ = √(डी^३ ÷ (२ × जी × एम)) × [ज्याचा कोसाइन √एक्स आहे तो कोन + √(एक्स × (१ − एक्स))]

कोन रेडियनमध्येच हवा. कॅल्क्युलेटर अंशांवर असेल तर वेळ चाळीसपट फुगतो. आपल्या गोलांसाठी एक्स = ०.२५, कोन १.०४७, दुसरे पद ०.४३३, बाहेरचे वर्गमूळ १३,१०३ सेकंद. गुणाकार १९,३९६ सेकंद, म्हणजे सुमारे ५ तास २३ मिनिटे. सरासरी वेग ०.२३ मीटर प्रति सेकंद, शेवटचा ०.७९. बहुतेक वेळ सुरुवातीच्या रेंगाळण्यात जातो, हे या आकड्यांतून लगेच दिसते.

दुरून वेग घेऊन येणारी वस्तू

पृथ्वीवर आदळणारा दगड विरामातून निघालेला नसतो. पृथ्वीची ओढ जाणवण्याआधीच त्याचा पृथ्वीसापेक्ष काही वेग असतो. त्याला दूरचा वेग म्हणू. डी अनंत झाला की १/डी शून्य होतो आणि ऊर्जेचे समीकरण असे होते:

आदळण्याचा वेग^२ = दूरचा वेग^२ + मुक्तिवेग^२

पृथ्वीसाठी जी × एम = ३,९८,६०० घनकिलोमीटर प्रति सेकंद वर्ग, त्रिज्या ६३७१ किमी, मुक्तिवेगाचा वर्ग १२५.१, मुक्तिवेग ११.१९ किमी प्रति सेकंद. दूरचा वेग १५ असेल तर आदळण्याचा वेग √(२२५ + १२५.१) = १८.७. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे १५ + ११.२ = २६.२ अशी सरळ बेरीज. बेरीज ऊर्जांची होते, वेगांची नाही. या सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते: दूरवरून येणारी, वातावरणाने न अडवलेली कुठलीही वस्तू पृथ्वीवर ११.२ पेक्षा कमी वेगाने आदळूच शकत नाही. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर दख्खनच्या कठीण बेसाल्टमध्ये खणले गेले ते अशा वेगाच्या जोरावर.

१५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा खडक वातावरणात सुमारे १९ किमी प्रति सेकंद वेगाने शिरला. उलट दिशेने गणित केले तर दूरचा वेग √(३६१ − १२५) = १५.४. त्याचे वस्तुमान सुमारे १.२ कोटी किलो मानले जाते. ½ × १.२ × १०^७ × (१९,०००)^२ = २.१७ × १०^१५ ज्यूल, टीएनटी या स्फोटकाच्या भाषेत सुमारे ५०० किलोटन. पृथ्वीला बसलेला धक्का? संवेग भागिले पृथ्वीचे वस्तुमान, ३.८ × १०^−१४ मीटर प्रति सेकंद. पृथ्वी स्थिर धरण्याचे गृहीतक इथे का चालते त्याचे हे उत्तर. संवेग टिकला, पण पृथ्वीच्या वाट्याला आलेली गतिज ऊर्जा नगण्य.

शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे उदाहरण सूत्राच्या दुसऱ्या टोकाचे. तो गुरूने आधीच पकडून स्वतःभोवती फिरवत ठेवलेला होता, म्हणजे दूरचा वेग जवळजवळ शून्य. मग आदळण्याचा वेग गुरूच्या मुक्तिवेगाइतकाच, ५९.५ किमी प्रति सेकंद, यायला हवा. जुलै १९९४ मध्ये त्याचे तुकडे गुरूवर आदळले ते सुमारे ६० किमी प्रति सेकंद वेगानेच.

तिरपी टक्कर आणि कोनीय संवेग

आतापर्यंत वस्तू नाकासमोर येत होती. प्रत्यक्षात ती बाजूने येते. तिची मूळ सरळ रेषा पृथ्वीच्या केंद्रापासून किती अंतरावरून जाते त्याला नेमअंतर बी म्हणू. आता दोन समीकरणे एकत्र सोडवावी लागतात. कोनीय संवेग: बी × दूरचा वेग = जवळात जवळचे अंतर × तिथला वेग. आणि ऊर्जा: वरचेच समीकरण, फक्त त्रिज्येच्या जागी ते जवळात जवळचे अंतर. पहिले समीकरण फक्त जवळात जवळच्या बिंदूवरच इतके सोपे असते, कारण तिथे वेग केंद्रापासूनच्या रेषेला काटकोनात असतो. इतर ठिकाणी वेगाचा आडवा घटक घ्यावा लागतो. हे विसरले की पुढचे सगळे फसते.

समजा बी = १०,००० किमी, दूरचा वेग ५ किमी प्रति सेकंद. जवळात जवळचे अंतर पी मानले तर दोन्ही समीकरणांतून वेग काढून टाकल्यावर वर्गसमीकरण मिळते:

पी^२ + ३१,८८८ × पी − १०^८ = ०

धन मूळ पी = २८७६ किमी. हे पृथ्वीच्या त्रिज्येपेक्षा कमी, म्हणजे वस्तू आदळणार. सरळ रेषेत गेली असती तर ती पृष्ठभागापासून साडेतीन हजार किलोमीटर बाहेरून निघून गेली असती! आदळण्याचा वेग √(२५ + १२५.१) = १२.२५. जमिनीशी समांतर घटक कोनीय संवेगातून: १०,००० × ५ ÷ ६३७१ = ७.८५. उभा घटक √(१५०.१ − ६१.६) = ९.४१. म्हणजे क्षितिजाशी सुमारे ५० अंशांचा कोन. कोन कधीही बी वरून डोळ्यांनी काढू नये. वाट वाकलेली असते, तो या दोन घटकांतूनच काढावा.

आदळण्यासाठी जास्तीत जास्त बी किती चालेल? पी च्या जागी पृथ्वीची त्रिज्या ठेवली की:

बी = त्रिज्या × √(१ + मुक्तिवेग^२ ÷ दूरचा वेग^२)

१५ किमी प्रति सेकंद वेगासाठी बी ७९४७ किमी, ५ साठी १५,६१२ किमी. हळू येणाऱ्या वस्तूंसाठी पृथ्वी जणू अडीचपट रुंद लक्ष्य ठरते. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस लघुग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ३८,००० किमीवरून जाणार आहे. त्याचा दूरचा वेग सुमारे ५.८, म्हणून जवळून जाताना √(३३.६ + २१.०) = ७.४ किमी प्रति सेकंद. त्याचा बी सुमारे ४८,४०० किमी येतो. या वेगाला आदळण्यासाठी बी १३,८४० च्या आत हवा, त्यामुळे तो सुरक्षित अंतर राखून जातो.

दोन्ही वस्तू मोठ्या असतील तर त्रिज्येच्या जागी त्रिज्यांची बेरीज आणि एम च्या जागी वस्तुमानांची बेरीज. चंद्राच्या जन्माचे गणित याचा सुंदर नमुना आहे. मंगळाएवढी वस्तू पृथ्वीएवढ्या वस्तूवर आदळली असे धरले तर परस्पर मुक्तिवेगाचा वर्ग २ × ४,४१,४०० ÷ ९७६१ = ९०.४, वेग ९.५ किमी प्रति सेकंद. एकूण वस्तुमान वाढूनही हा वेग पृथ्वीच्या ११.२ पेक्षा कमी आहे, कारण स्पर्शाच्या क्षणी केंद्रे एकमेकांपासून जास्त लांब असतात. आता ४५ अंशांच्या टकरीत कोनीय संवेग किती? म्यू × वेग × अंतर × साइन ४५ = ०.५८ × १०^२४ × ९५१० × ९.७६ × १०^६ × ०.७०७ = ३.८ × १०^३४ किलो-मीटर वर्ग प्रति सेकंद. आजच्या पृथ्वी-चंद्र जोडीचा कोनीय संवेग ३.५ × १०^३४ आहे. चार ओळींच्या गणितातून इतका जवळचा आकडा निघतो, आणि महाटकरीच्या, म्हणजे अशा टकरीतून चंद्र जन्मला या, कल्पनेला बळ मिळण्यामागे कोनीय संवेगाचा हा मेळ हे एक मोठे कारण आहे.

ही पद्धत कुठे तुटते

वातावरणात लहान दगडाची ऊर्जा घर्षणात जाते. मुठीएवढी उल्का जमिनीवर पोहोचते ती अंतिम वेगाने (हवेचा रोध वजनाइतका झाल्यावर उरणाऱ्या स्थिर वेगाने), ११.२ किमी प्रति सेकंद वेगाने नाही. तिसरी मोठी वस्तू जवळ असेल तर जोडीचा संवेग टिकत नाही. सैल वस्तू मोठ्या ग्रहाजवळ भरती-बलाने, म्हणजे जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरील ओढीतल्या फरकाने, आधीच फाटते, जसा शूमेकर-लेव्ही ९ हा १९९२ मध्ये गुरूजवळून जाताना फाटला. मग प्रत्येक तुकड्याचे गणित वेगळे.

डार्ट: तीनही नियम एका घटनेत

नासाचे डार्ट यान २६ सप्टेंबर २०२२ रोजी डायमॉर्फस या चिमुकल्या चंद्रावर मुद्दाम आदळवले गेले. डायमॉर्फस हा डिडिमॉस लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी मारत असे. यानाचे वस्तुमान सुमारे ५७९ किलो, वेग ६.१४ किमी प्रति सेकंद. डायमॉर्फसचे वस्तुमान अंदाजे ४.३ × १०^९ किलो.

आधी चुकीची वाट. ‘यानाची गतिज ऊर्जा डायमॉर्फसला मिळाली’ असे धरले तर १.०९ × १०^१० ज्यूल, म्हणून वेगातला बदल २.२५ मीटर प्रति सेकंद. डायमॉर्फसचा कक्षेतला वेगच सुमारे ०.१७६ मीटर प्रति सेकंद आहे. त्याला २.२५ चा धक्का बसता तर तो डिडिमॉसला सोडून कायमचा निघून गेला असता. उत्तर असे हास्यास्पद मोठे आले की समजावे, ऊर्जेचे समीकरण टकरीच्या आरपार नेले गेले आहे.

बरोबर वाट संवेगाची. यान रुतून बसले असे धरले तर ५७९ × ६१४० ÷ (४.३ × १०^९) = ०.०००८३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.८३ मिलिमीटर. प्रत्यक्ष मोजमापातून निघालेला बदल २.७ मिलिमीटर. तिपटीहून जास्त! इथे संवेगाचा नियम मोडला नाही. आपण जोडी अपुरी धरली होती. धक्क्याने उडालेला चुरा उलट दिशेने फेकला गेला, त्याने नेलेल्या संवेगाइतका जादा धक्का डायमॉर्फसला मिळाला. उडालेला चुरा हा संवेगाच्या हिशेबातला तिसरा भागीदार आहे, आणि वेगवान टकरींच्या प्रत्येक गणितात त्याच्यासाठी एक पद राखून ठेवावे लागते. पृष्ठभागाचा उतार आणि दिशांचे कोन धरून केलेल्या सविस्तर गणितात हा वाढीचा गुणक ३.६ च्या आसपास येतो.

स्पर्श संपल्यावर ऊर्जेचे समीकरण पुन्हा हातात घ्यायचे. जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत वेगाच्या दिशेत किंवा विरुद्ध दिशेत छोटा धक्का बसला तर कक्षेच्या त्रिज्येत होणारा प्रमाणशीर बदल वेगाच्या प्रमाणशीर बदलाच्या दुप्पट असतो, हे ऊर्जेतून निघते. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने (फेरीच्या वेळेचा वर्ग त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात) फेरीच्या वेळेतला प्रमाणशीर बदल वेगाच्या बदलाच्या तिप्पट. ३ × ०.००२७ ÷ ०.१७६ = ०.०४६. ७१५ मिनिटांच्या ०.०४६ पट म्हणजे ३३ मिनिटे. धक्का समोरून होता, म्हणून फेरी लहान झाली. दुर्बिणींनी मोजलेला बदलही ३३ मिनिटांचाच आहे, एखाद्या मिनिटाच्या फरकाने.

या हिशेबातला सर्वांत कच्चा आकडा डायमॉर्फसचे वस्तुमान. ते घनतेच्या अंदाजावर उभे आहे, आणि घनता बदलली की गुणक ३.६ वरून बराच खालीवर सरकतो. युरोपीय अंतराळ संस्थेचे हेरा यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले ते मुख्यतः याचसाठी. २०२६ च्या अखेरीस तिथे पोहोचून डायमॉर्फसचे वस्तुमान थेट मोजण्याचे त्याचे नियोजन आहे. तो आकडा आला की वरच्या भागाकारातला ४.३ × १०^९ बदलून हेच गणित पुन्हा करावे.